आतला आणि बाहेरचा

मी बाहेरच्या मोडेमच्या बाजूचा माणूस. आता या वादात दुसरी बाजूही उरलेली नाही, त्यामुळे निकालाची चिंता न करता बोलता येतं.

वाद काय होता, ते आज विशीतल्या मुलांना सांगावं लागतं. घरात कॉम्प्युटर आहे, फोनची तांब्याची तार आहे, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नाही. कॉम्प्युटरला शून्य आणि एक कळतं. तारेला कळतो तो माणसाच्या बोलण्यासाठी आखून दिलेला पट्टा, साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचा. मध्ये बसून शून्य-एकाचे सूर करणारं, आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हा शून्य-एक करणारं यंत्र म्हणजे मोडेम. ते कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये कार्ड म्हणून बसवलं तर इंटर्नल. पुस्तकाएवढी डबी म्हणून टेबलावर ठेवून मागच्या सीरियल पोर्टला जोडलं तर एक्स्टर्नल. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असेंबल्ड मशीन घ्यायला गेलं, की रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर असं सगळं ठरल्यावर दुकानदार शेवटी हा प्रश्न टाकायचा, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगायचा, "इंटर्नलच घ्या साहेब, काम तेच करतो."

त्याचं म्हणणं खरं होतं. दोन्हींची लाइन तीच, वेग तोच, पलीकडचा सर्व्हर तोच. किमतीत मात्र असा फरक, की बाहेरच्या एकाच्या पैशात आतले दोन-तीन यावेत. भारतात तेव्हा सर्रास दिसणाऱ्या मोडेमांपैकी डी-लिंकचा कारखाना तर गोव्यात वेर्ण्यालाच होता, पण म्हणून डबी स्वस्त मिळायची असं नाही. तरीही मी डबीच घेतली, आणि ती दिव्यांसाठी.

एक्स्टर्नल मोडेमच्या दर्शनी बाजूला लाल दिव्यांची ओळ असे आणि प्रत्येक दिव्यापाशी दोन इंग्रजी अक्षरं. एमआर म्हणजे मोडेम तयार आहे. टीआर म्हणजे कॉम्प्युटर तयार आहे. ओएच म्हणजे रिसीव्हर उचलला, लाइन घेतली. सीडी म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर ऐकू येतोय, संबंध जुळलेला आहे. एसडी म्हणजे आपण पाठवतोय, आरडी म्हणजे तिकडून येतंय. हे दिवे शोभेचे नव्हते. १९६० च्या दशकात रूढ झालेल्या आरएस-२३२ या मानकात सीरियल केबलमधल्या एकेका तारेला एकेक काम नेमून दिलेलं आहे, आणि यातले बरेचसे दिवे त्या तारांवरची स्थिती जशीच्या तशी दाखवत. दिवा पेटला म्हणजे ती तार खरोखर जागी आहे. मध्ये विंडोजचं मत नाही.

त्यामुळे पान उघडत नसलं, की पडद्याकडे न बघता डबीकडे बघायचं. एसडी एकदा लुकलुकला आणि आरडी गप्प, तर आपली मागणी गेली, सर्व्हर झोपलाय, थांबावं. आरडी एकसारखा पेटलेला आणि पडद्यावर काहीच नाही, तर एखादं मोठं चित्र येतंय; चहा ठेवावा. सीडी विझला तर सगळं संपलं. विंडोजला हे कळायला वेळ लागे, खाली कोपऱ्यातले ते दोन चिमुकले मॉनिटर अजून जोडलेलेच दिसत असत, पण दिव्याने बातमी आधीच दिलेली असे. इंटर्नल मोडेमवाल्या मित्राकडे हाच प्रसंग आला, की त्याच्या हातात एकच उपाय होता: माउस जोरजोरात हलवणं.

आणि दिवे फक्त मलाच दिसत नव्हते. आमच्याकडे लाइन एक आणि फोन दोन, एक हॉलमध्ये, दुसरा आतल्या खोलीत. नेटवर कुणी असताना दुसऱ्याने रिसीव्हर उचलला, की त्याच्या कानात खरखर आणि इकडे संबंध तुटलेला. कॉम्प्युटरमधलं आपल्याला काही कळत नाही, असं आई स्वतःच सांगत असे, पण ओएचचा दिवा तिने लगेच हेरला. आतल्या खोलीत फोन करायला जाण्याआधी ती हॉलमध्ये डोकावून डबीकडे बघायची. दिवा लागलेला असला तर परत फिरताना म्हणायची, "कॉल पडतायत रे." आणि ते पडतच असत, तीन मिनिटांना एक या हिशेबाने. कॅबिनेटच्या पोटात बसलेल्या मोडेमला ही सोय नव्हती. त्याने लाइन घेतली आहे की नाही, हे फक्त खुर्चीवर बसलेल्याला माहीत. बाकीच्या घराला फोन उचलूनच कळायचं.

गंमत म्हणजे, घरगुती कॉम्प्युटरच्या जगात आतला मोडेम आधी आला. १९७७ मध्ये अमेरिकेत अटलांटाजवळ डेनिस हेझ आणि डेल हेदरिंग्टन यांनी हेझच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर मोडेम जुळवायला घेतले. ते होते एस-१०० जातीच्या कॉम्प्युटरांत बसणारे बोर्ड. दोन वर्षांनी ॲपल टूसाठी मायक्रोमोडेम टू आला, त्याचंही कार्ड स्लॉटमध्येच बसे. पण त्या काळी प्रत्येक कंपनीच्या कॉम्प्युटरचा स्लॉट वेगळा. प्रत्येकासाठी निराळं कार्ड काढायचं म्हटलं तर दोघांची कंपनी त्यातच संपली असती. सगळ्यांकडे सारखी अशी एकच गोष्ट होती, ती सीरियल पोर्ट. तेव्हा मोडेम बाहेर काढायचा आणि त्या पोर्टला लावायचा, म्हणजे कुठल्याही यंत्राला तो चालेल.

बाहेर काढल्यावर एक पेच उभा राहिला. आत असताना प्रोसेसर कार्डाला थेट हुकूम सोडत होता. अमुक रजिस्टरमध्ये अमुक आकडा लिहिला, की फोन उचलला जायचा. आता दोघांमध्ये एक केबल, आणि तिच्यावरून जाणारी अक्षरं म्हणजे पलीकडच्याला पाठवायचा मजकूर. मग 'हे पुढे पाठवायचं नाही, हे तुलाच सांगतोय' असं मोडेमला कळवायचं कसं? १९८१ मध्ये आलेल्या हेझ स्मार्टमोडेमने याचं उत्तर शोधलं. मोडेमच्या दोन अवस्था ठरल्या, एक आज्ञा ऐकण्याची, दुसरी मजकूर वाहून नेण्याची. आज्ञेची सुरुवात 'एटी' या दोन अक्षरांनी, म्हणजे इकडे लक्ष दे. पुढे डी आला तर नंबर फिरव, एच आला तर फोन ठेव, झेड आला तर मूळपदावर ये. मोडेमनेही उत्तर द्यायचं: ओके, कनेक्ट, बिझी, नो कॅरियर. अक्षरं निवडण्यातसुद्धा हिशेब होता. 'ए' या अक्षराच्या बिटांची मांडणी अशी आहे, की ते येताना मोजून कॉम्प्युटर कोणत्या वेगाने बोलतोय हे मोडेमला ओळखता यावं.

आणि मजकूर वाहत असताना मध्येच आज्ञा द्यायची झाली तर? एक सेकंद गप्प राहायचं, तीनदा अधिकचं चिन्ह पाठवायचं, पुन्हा एक सेकंद गप्प राहायचं. पत्रात कुणी +++ असं लिहिलंच, तरी त्याच्या मागेपुढे अशी शांतता सहसा नसते. मोडेमच्या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी ही सांगेन. हेदरिंग्टनच्या नावावर तिचं पेटंट होतं आणि हेझ कंपनी इतर उत्पादकांकडून त्याचे पैसे मागत असे. काहींनी पैसे वाचवायला गप्प राहण्याची अटच काढून टाकली. त्याचे भोग नव्वदच्या दशकात चॅटवर बसणाऱ्यांना भोगावे लागले. कुणीतरी टवाळ पोरगा समोरच्याला पिंगचं असं पाकीट पाठवायचा, ज्यात +++ आणि त्याला लागूनच एटीएच असे. पिंगचा शिरस्ता असा, की आलेला मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. समोरच्याचा कॉम्प्युटर तो इमानाने परत पाठवायला काढायचा, वाटेत त्याचाच मोडेम तो वाचायचा, मालकाची आज्ञा समजायचा आणि फोन ठेवून द्यायचा.

हेझ आणि हेदरिंग्टन यांच्याही आधी मोडेम कॉम्प्युटरच्याच नव्हे, फोनच्याही बाहेर होता. अमेरिकेत एटी अँड टी कंपनी आपल्या तारेला परकं यंत्र जोडू देत नसे. १९६८ मध्ये कार्टरफोन खटल्याचा निकाल लागेपर्यंत हा हट्ट टिकला आणि पुढेही सावकाशच सुटला. तोवर पळवाट अशी, की फोनचा रिसीव्हर उचलून रबराच्या दोन वाट्यांत उपडा ठेवायचा, एकीत स्पीकर, दुसरीत मायक्रोफोन. तारेला कुणी हात लावला नाही. यंत्र फोनशी केवळ बोललं. कंपनी काय म्हणणार?

मला यात जे दिसतं ते असं. बाहेर असणाऱ्याला बोलावं लागतं. आपण तयार आहोत का, लाइन घेतली का, पलीकडे कुणी आहे का, हे दाखवावं लागतं, आणि ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याला ओळखता येईल अशी रीत पाळावी लागते. मोडेम आतच राहिला असता तर दिव्यांची गरज पडली नसती आणि 'एटी'चीही. पुढे पीसीसाठी इंटर्नल मोडेम निघाले तेव्हा त्यांना बाहेरच्याचीच भाषा शिकावी लागली. आपण सीरियल पोर्टला लावलेली डबीच आहोत असं सोंग ते घेत. त्यासाठी कार्डावरच पोर्टची चिप असे आणि शेजारी जंपर, कॉम-३ की कॉम-४ ते ठरवायला. सोंग महागात पडे. पीसीमध्ये कॉम-१ आणि कॉम-३ यांची इंटरप्ट लाइन एकच, २ आणि ४ यांची एकच. माउस कॉम-१ वर आणि मोडेम कॉम-३ वर बसला, की माउस हलवल्यावर लाइन अडखळलीच म्हणून समजा. दुकानातला पोरगा जंपर बदलत बसायचा आणि कॅबिनेटचं झाकण दिवसभर भिंतीला टेकलेलं असायचं.

आपल्याकडे ही सगळी कथा उशिरा आणि एकदम आली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जुहूचं एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ लागली होती, पण ते संशोधकांचं काम. सामान्य माणसासाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला दार उघडलं, तेव्हा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. विद्यार्थ्यांना स्वस्तातलं शेल अकाउंट मिळे: काळा पडदा, नुसती अक्षरं, चित्र औषधालाही नाही. त्या पडद्यावर 'एटी'ची भाषा रोजच्या कामाची होती. एक्स्चेंज जुनं असेल आणि टोन चालत नसेल तर एटीडीटीऐवजी एटीडीपी, म्हणजे जुन्या तबकडीसारखं टिकटिक करत नंबर फिरव. परदेशी मोडेमला आपल्या एक्स्चेंजचा डायल टोन पुष्कळदा ओळखूच येत नसे. आपल्याला फोनमध्ये साफ ऐकू येतोय आणि मोडेम म्हणतोय, टोन नाही. मग एटीएक्स-३ द्यायचं, म्हणजे टोनची वाट बघू नकोस, सरळ लाव. अशी नुसखेवजा ज्ञानाची देवाणघेवाण तेव्हा पुण्याच्या कट्ट्यांवर फार चाले.

मोडेमच्या आवाजावर पुष्कळ हळवं लिहून झालं आहे, मी त्यात भर घालत नाही. त्यातला एक तुकडा मात्र मला कामाचा म्हणून आवडतो. पलीकडच्याने फोन उचलल्यावर येणारा पहिला लांब, स्थिर सूर २,१०० हर्ट्झचा असे, आणि तो मोडेमसाठी कमी, वाटेतल्या यंत्रणेसाठी अधिक. माणसांच्या बोलण्यात प्रतिध्वनी येऊ नये म्हणून टेलिफोन कंपन्यांनी लांबच्या लाइनींवर प्रतिध्वनी दाबणारी उपकरणं बसवलेली असत. दोन मोडेम एकाच वेळी बोलतात, त्यांना या उपकरणांची आडकाठी. तो सूर त्यांना सांगे, आता माणसं नाहीत, तुम्ही बाजूला व्हा. वेगाबद्दलही लोकांचा गैरसमज असे. फेब्रुवारी १९९८ मध्ये व्ही-९० हे मानक ठरलं आणि एक्स-टू आणि के-५६-फ्लेक्स या दोन टोळ्यांचं भांडण मिटलं. खोक्यावर '५६के' छापलेलं असे. पण ते शक्य होई ते फक्त येणाऱ्या दिशेला, आणि तेही सर्व्हरपासून आपल्या एक्स्चेंजपर्यंतची सगळी वाट डिजिटल असली तरच. आपल्याकडून जाताना ३३.६ च्या पुढे मजल नाही. आमची तार इतकी म्हातारी होती, की पडद्यावर चाळिशीच्या पुढचा आकडा दिसला की आम्ही एकमेकांना हाका मारायचो.

त्याच सुमाराला आतल्या मोडेमचं रूप पालटलं आणि माझं मत पक्कं झालं. प्रोसेसर चांगलेच वेगवान झाले होते. मग सूर ओळखण्याचं गणित करायला कार्डावर वेगळी चिप हवीच कशाला? ते गणित मुख्य प्रोसेसरकडून करून घ्यावं; कार्डावर फोनच्या तारेशी जुळवून घेणारे थोडेसे भाग ठेवले की झालं. यूएस रोबोटिक्सने आपल्या अशा मोडेमला विनमोडेम हे नाव दिलं होतं, पुढे लोक साऱ्याच जातीला तसं म्हणू लागले, कारण त्याचा ड्रायव्हर विंडोजसाठीच असायचा. हा अस्सल घरजावई. राहायचं सासऱ्याच्या घरात, वीज त्याची, मेमरी त्याची, कष्टही त्यानेच उपसायचे, आणि चारचौघांत ओळख मोडेम म्हणून. सासरा दुसऱ्या कामात गुंतला, समजा एकीकडे गाणं वाजतंय आणि दुसरीकडे मोठी फाइल उघडतेय, की जावईबापूंच्या हातून लाइन सुटलीच.

विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली, की खरी परीक्षा. ड्रायव्हरची सीडी कुणालाच कधी सापडत नसे. सीडी नाही तर ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरच्या पलीकडे. मग कार्ड बाहेर काढून चिपवरचा नंबर भिंगाने वाचायचा, कागदावर उतरवायचा आणि ज्याच्याकडे लाइन चालू आहे अशा मित्राकडे फ्लॉपी घेऊन जायचं. लिनक्सवाल्यांचे तर हालच. चिप बनवणारे आतली माहिती जाहीर करत नसत, त्यामुळे जगभरातल्या स्वयंसेवकांनी एकेका चिपचं कोडं सोडवण्यात उमेद घालवली. बाहेरच्या डबीला यातलं काहीच लागत नसे. केबल लावा, एटी टाइप करा, ओके येतं. विंडोज असो, लिनक्स असो, नाहीतर एखादा जुना डॉसचा सांगाडा असो.

इथे माझ्या बाजूने थोडं नमतं घ्यायला हवं. दिव्यांचं कौतुक मी करतो खरं, पण ती चैन होती. हप्त्यावर कॉम्प्युटर घेणाऱ्या घरांना मोडेमसाठी वेगळे पैसे काढणं जड जाई, आणि या घरजावयानेच त्यांच्या घरात पहिलं ई-मेल आणलं, दहावीचा निकाल आणला, परदेशात गेलेल्या मुलाचा फोटो आणला. पुढे तर तो मदरबोर्डबरोबर फुकटासारखाच येऊ लागला. ज्या वस्तूची किंमत वेगळी मोजावी लागत नाही ती लोकांपर्यंत पोचते, हे मला मान्य करावं लागतं, जरी ती वस्तू मला आवडत नसली तरी. वीज गेल्यावरही त्याचीच सरशी. कॅबिनेट यूपीएसवर, त्यामुळे पोटातला मोडेमही यूपीएसवर, लाइन शाबूत. माझ्या डबीचा ॲडॉप्टर इतका लठ्ठ, की यूपीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये तो शिरायचाच नाही. तो भिंतीतल्या प्लगवर. भारनियमनाच्या वेळेला कॉम्प्युटर जिवंत आणि दिवे विझलेले.

एप्रिल-मे महिन्यात मात्र उलटं. वळवाचा पाऊस दुपारी तीनच्या पुढे कधीही येतो, आणि आमची फोनची तार खांबावरून उघड्या हवेत येत होती. जवळपास वीज पडली की तारेतून झटका थेट मोडेममध्ये उतरतो. डबी टेबलावर असली, की पहिला गडगडाट ऐकून कुणीही तार उपटू शकतं, आणि कुणी घरी नसलं तर सहसा डबीवरच निभावतं, फार तर पोर्टवर. कार्ड आत असलं तर ते मदरबोर्डच्या मांडीवरच बसलेलं. जून उजाडेपर्यंत दुरुस्तीच्या दुकानांत जळक्या कार्डांबरोबर जळके बोर्डही आलेले असत. दुरुस्तीवाले तेव्हा एक्स्टर्नलचे गोडवे गात, पण विकायला मात्र पुन्हा इंटर्नलच काढत.

वाद संपला तो कुणी जिंकलं म्हणून नाही, डायल-अपच संपलं म्हणून. शेवटी शेवटी ॲपलने एक विनोद केला. १९९८ च्या रंगीत आयमॅकमध्ये मोडेम आतच देऊन कंपनीने केवढा गाजावाजा केला होता. २००५-०६ च्या सुमाराला तिने तो आतून काढून टाकला आणि ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी यूएसबीला लावायचा वेगळा तुकडा विकायला ठेवला. म्हणजे जाता जाता मोडेम एकदा बाहेर येऊन गेला. त्याच काळात आपल्याकडे बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि सगळ्यांच्याच टेबलावर डबी आली, कुणी निवड न करता. मग डोंगल. आता भिंतीवर फायबरचा डबा. त्याच्यावरही दिवे आहेत, आणि नेट गेलं की कस्टमर केअरचा पहिला प्रश्न असतो, "एलओएसचा दिवा लाल आहे का?" लाल असेल तर फायबर कुठेतरी तुटली आहे. माझ्या बाजूची एवढी खूण शिल्लक आहे.

खिशातल्या फोनमध्ये मात्र आतल्याने सगळं व्यापलं आहे. फोनमध्ये मोडेम असतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं; रेंज दाखवणाऱ्या चार-पाच काड्या एवढाच त्याचा दिवा, आणि त्याही खऱ्या किती हा प्रश्नच आहे. तिथेही तज्ज्ञांचा जुना वाद आतल्या आत चालू आहे: मोडेम मुख्य चिपमध्येच विरघळवून टाकायचा की शेजारी वेगळी चिप ठेवायची? क्वालकॉमने २०१९ च्या अखेरीस जाहीर केलेल्या स्नॅपड्रॅगन ८६५ सोबत फाइव्ह-जीचा मोडेम वेगळा दिला आणि बॅटरी जास्त खाणार म्हणून ओरड झाली. पुढच्या ८८८ मध्ये तो आत गेला. ॲपलने २०१९ मध्ये इंटेलचा मोडेमचा व्यवसाय सुमारे १ अब्ज डॉलरना विकत घेतला, आणि स्वतःचा मोडेम फोनमध्ये घालायला तिला २०२५ उजाडलं. तोही शेजारी, वेगळी चिप म्हणूनच.

हेझ कंपनी १९९९ च्या सुरुवातीला मोडीत निघाली. तिची भाषा उरली. मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकांत आज्ञांचा जो संच आहे तो 'एटी'नेच सुरू होतो, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोजेक्टसाठी जे जीएसएम मॉड्यूल मिळतं त्याला आजही आधी एटी म्हणावं लागतं, मग ते ओके म्हणतं. तीच मॉड्यूलं शेतातल्या मोबाइल स्टार्टरमध्ये बसलेली असतात. कृषिपंपांना थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने मिळते. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन नदीवर जाण्यापेक्षा अंथरुणातून मिस्ड कॉल देऊन मोटर चालू करावी, म्हणून ही सोय. एका बाजूला छोटा कंट्रोलर, त्याच्या बाहेर वेगळा मोडेम, मध्ये सीरियल तारा, वर हेझची भाषा.

कऱ्हाडकडे माझ्या मावसभावाची मोटर कृष्णेच्या काठाला आहे. तिथे हा स्टार्टर बसवला जात असताना मी कडेला उभा होतो. पत्र्याच्या पेटीत सगळं नीट बसलं, पेटीचं दार लावलं, आणि रेंज गेली. दार उघडलं, की आली.

"पत्रा हाय ओ, आत कशी यील रेंज," वायरमन म्हणाला. "अँटेना भाईर काढावी लागतीया."

"मग काढा की भाईर," भाऊ म्हणाला.

"काढतो, पर दादा, माकडं ऱ्हाऊ देत न्हाईत. पल्याडच्या पंपाची दोनदा तोडली. आन माकडांनी सोडली तर उंदरं वायर कुरतडत्यात."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी पुण्याहून आलेलो आणि कॉम्प्युटरमधला समजला जाणारा. मी म्हटलं, बाहेरच बरी. वायरमनने ते ऐकल्यासारखं केलं. मग त्याने पाण्याची प्लॅस्टिकची बाटली मधोमध कापली, अँटेना पेटीच्या वर चिकटवून बाटलीचा अर्धा भाग तिच्यावर उपडा घातला, तारेने करकचून आवळला आणि वायर जुन्या पाइपच्या तुकड्यातून आत घेतली. भावाला म्हणाला, "द्या मिस्ड कॉल."

भावाने दिला. मोटर काही फिरली नाही. थोड्या वेळाने त्याच्या फोनवर मेसेज आला, तीनपैकी एक फेज नाही.

"रेंज तर आली की," वायरमन म्हणाला, आणि त्याने मजुरीचे पैसे मागून घेतले.